दहावीच्या वर्षी बंद झालेला अल्बम

चाळिशी ओलांडलेली माणसं अलीकडे समुपदेशनासाठी माझ्याकडे एक शंका घेऊन येतात आणि ती विचारताना आवाज हळू करतात. लहानपणी ज्याचं वेड होतं ते पुन्हा सुरू झालेलं असतं. कुणी जुनी कॉमिक्स जमवतं, कुणी शाळेत असताना पाहिलेल्या कार्टून मालिका रात्र-रात्र बघतं. "हे या वयात पोरकट आहे का? मी कशापासून तरी पळतोय का?" असा प्रश्न असतो. त्यावर एका जोडप्याची हकीकत सांगते. दोघांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गृहस्थ 46 वर्षांचे, पिंपरीतल्या एका कारखान्यात खरेदी विभागात. क्रेडिट कार्डाच्या बिलावर पत्नीला अनोळखी विक्रेत्यांची नावं दिसली आणि तिच्या मनात नको नको ते आलं. बाहेर आलं ते वेगळंच. ते टपाल तिकिटं विकत घेत होते. पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर यायची आणि टेबलाच्या खणात पडायची. त्यातली बरीचशी फोडलेलीसुद्धा नव्हती.

"तिकिटांचं मला काही नाही," पत्नी म्हणाली, "पण माझ्यापासून लपवलंत कशाला?"

"तू हसशील असं वाटलं."

आधी मी नेहमीची चौकशी केली: झोप, भूक, काम, देणी, मनावरचं मळभ. नैराश्यात माणसाला पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटेनासा होतो, आणि आम्ही तेच आधी विचारतो. त्यामुळे जुनी आवड परत जागी झाली, एवढ्यावरून मला काळजी वाटत नाही. इथे माझं लक्ष न फोडलेल्या पाकिटांकडे गेलं. आवडीची वस्तू मागवायची आणि उघडायचीही नाही, हे का?

पुढच्या वेळी त्यांना एक पाकीट घेऊन यायला सांगितलं. ते माझ्या टेबलावर फोडलं आणि हा अबोल माणूस बोलायला लागला. 'मॅग्यार पोस्टा' लिहिलेलं तिकीट हंगेरीचं, 'हेल्व्हेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड. ब्रिटनच्या तिकिटावर देशाचं नाव नसतंच, राजाचा किंवा राणीचा चेहरा हीच खूण. पूर्व जर्मनी, सोव्हिएत संघ, युगोस्लाव्हिया हे देश नकाशावरून गेले, पण शाळेतला भूगोल त्यांना याच तिकिटांमुळे पाठ झाला होता. पाकिटावरचं तिकीट कधी ओढून काढायचं नाही. भोवतीच्या कागदासकट कापायचं, कोमट पाण्यात ठेवायचं, गोंद सुटला की चिमट्याने अलगद उचलायचं आणि टीपकागदावर पालथं वाळवायचं. कडेचा एक दाता जरी तुटला तरी अदलाबदलीत ते कुणी घेत नाही. पत्नी हे सगळं पहिल्यांदाच ऐकत होती. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा विषय घरात कधी निघालाच नव्हता.

मग दहावीचं वर्ष निघालं. वडिलांनी अल्बम कपाटाच्या वर ठेवला, "परीक्षा झाली की देतो" म्हणाले. दहावीनंतर बारावी आली, मग इंजिनीअरिंग, मग नोकरी. त्या वर्षभर हा मुलगा थोडी तिकिटं भूमितीच्या पुस्तकात लपवून रात्री बघायचा.

आपल्याकडे दहावीच्या वर्षाने किती घरांतला तबला बंद केला, चित्रकलेची वही बंद केली, मैदान बंद केलं, ते मी रोज ऐकते. आईवडिलांना मी दोष देत नाही. ज्या घरात मार्क हाच वर येण्याचा एकमेव रस्ता होता, तिथे ही काळजी खरी होती. पण मूल त्यातून शिकलं ते असं, की आपल्याला ज्यात आनंद होतो ते जवळच्या माणसांपासून लपवायचं असतं. भूमितीचं पुस्तक गेलं, त्याच्या जागी ऑफिसचा खण आला. पाकिटं का उघडली नव्हती, तेही इथे कळलं. फोनवर खरेदी लपून करता येते. तिकिटं भिजवायला, लावायला मात्र टेबल लागतं, उजेड लागतो, पाण्याची थाळी लागते, आणि घरातल्यांना ते दिसतं. त्यांच्या वाट्याला नुसती खरेदी आली होती, छंद अजून आलाच नव्हता.

पोरकटपणाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक मुलांच्या खेळावर आयुष्यभर काम करत राहिले. मोठ्यांची कला, संस्कृती हीसुद्धा त्याच खेळातून उगवते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. खेळाची गरज दहावीला संपत नाही.

काळजी कधी करायची? छंदासाठी उधारी होऊ लागली, कामाचे खाडे पडले, झोप गेली, माणसं नकोशी झाली तर. दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल आणि कशातच रस वाटत नसेल, तर छंदाची चर्चा बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

या दोघांनी काही गोष्टी ठरवल्या. रात्री फोनवरून खरेदी करायची नाही. महिन्याची रक्कम दोघांनी मिळून ठरवायची. रविवारी दुपारी जेवणाचं टेबल तिकिटांना. टपाल खात्यात 200 रुपये भरून फिलाटेलीचं, म्हणजे तिकीट जमवणाऱ्यांसाठीचं, ठेव खातं उघडता येतं, मग नवी तिकिटं पोस्टाने येतात. ते त्यांनी उघडलं आणि पत्ता घरचा दिला. कॉलेजातल्या मुलीला यात अजिबात रस नाही, आणि तिला तो असायलाच हवा असंही काही नाही.

शेवटच्या भेटीत एक वाद उरला होता. 15 ऑगस्ट 1948 ला गांधीजींची चार तिकिटं निघाली. त्यातलं दहा रुपयांचं त्यांना हवं आहे आणि ते फार महाग पडतं. पत्नी म्हणाली, यंदा घराचं रंगकाम काढायचंय, यंदा नाही. ते म्हणाले, मग बोनस झाल्यावर पुन्हा विषय काढणार. ती म्हणाली, काढा, पण आधी ते खरं आहे की नकली, हे जाणकाराला दाखवून घ्या.