तिन्ही ड्रोन एकाच उंचीवर येत असतील तर आधी हे तपासा

तुमची पोस्ट वाचली. सिम्युलेटरमध्ये तिन्ही ड्रोन नीट शोध घेतात, मैदानात मात्र शोधासाठी वाटून दिलेल्या दोन पट्ट्यांच्या सीमेवर एकमेकांच्या अंगावर येतात, आणि उंची तर प्रत्येकाला वेगळी दिलेली. अगदी आमचंच दुखणं! सिस्टिम आयडी (प्रत्येक ड्रोनचा ओळख क्रमांक) वेगळे ठेवले असतील, पट्टेही पाडले असतील, त्यात शिरत नाही.

तिन्ही ड्रोन आर्म कुठे केले, म्हणजे उड्डाणाआधी मोटरी कुठे चालू केल्या? आमचं घोडं तिथेच पेंड खात होतं. मुरबाडजवळ उताराच्या शेतात चाचणी होती. रेंज मिळावी म्हणून एक ड्रोन टेकाडावरून उडवला, त्याला 20 मीटर दिले. दुसरा खालच्या खाचरातून, त्याला 30. टेकाड खाचरापेक्षा साधारण 10 मीटर उंच! आर्डुपायलटमध्ये (ड्रोन चालवणारं सॉफ्टवेअर) मिशनची नेहमीची उंची त्या ड्रोनच्या स्वतःच्या होमपासून, म्हणजे आर्म केलेल्या जागेपासून मोजली जाते. स्क्रीनवर 20 आणि 30 दिसत राहिले, हवेत दोघे एकाच पातळीवर होते. पंखे भिडले, एक गेला.

विक्रेत्याच्या सेवा केंद्राने लॉग (उड्डाणाची नोंद) उघडलाच नाही. जीपीएस बदला, एवढंच. बदलला, पैसे आणि तीन आठवडे गेले. शेवटी आम्हीच लॉगमधली जीपीएसची उंची बॅरोमीटरच्या उंचीशेजारी ठेवली, तेव्हा उलगडा झाला. फार चीड आली होती. लॉग न बघता भाग बदला म्हणणाऱ्याचं अजिबात ऐकू नका.

माझ्या मते सगळे ड्रोन एकाच सपाट जागेवरून, पाठोपाठ आर्म करावेत. मध्ये वेळ गेला तर हवेचा दाबही बदलतो, आणि बॅरोमीटर उंची त्यावरूनच मोजतो. 1 हेक्टोपास्कलला साधारण 8 मीटर उंची बदलते. आरटीएलची (आपोआप घरी परतण्याची) उंचीही प्रत्येकाला वेगळी द्या. बॅटऱ्या एकदमच उतरतात आणि सगळे एकदमच घरी निघतात. (हे आर्डुपायलटपुरतं, तुमचा फ्लाइट कंट्रोलर दुसरा असेल तर तपासून घ्या.)

आणखी एक. पट्टा ड्रोनला नेमून दिला म्हणजे शोधून झाला असं धरू नका. फोटो हातात आले तेवढीच तासं (पट्ट्यातल्या उड्डाणाच्या ओळी) पूर्ण समजा. ड्रोन मध्येच परतला तर उरलेली तासं शेजारच्याला द्या. माणूस शोधायचा असेल तर राहून गेलेलं तास फार महागात पडतं.

सराव खारघरच्या टेकड्यांवर करता म्हणालात. 8 ऑक्टोबर 2025 ला जवळच्या नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं, त्यामुळे जुन्या नकाशावर विसंबू नका. दर वेळी डिजिटल स्कायवर (सरकारचं ड्रोनसाठीचं संकेतस्थळ) झोन, म्हणजे कुठे उडवता येतं ते बघा.

तिन्ही ड्रोनच्या होमची समुद्रसपाटीपासूनची उंची इथे टाका, मी रात्री बघतो.