ओंकाराचा ट्रॅक आधी काढ

प्रिय,
सप्रेम आशीर्वाद.

तुझा आराखडा वाचला. अंधारी खोली, भोवती स्पीकर, मधे चटया, स्पंदक ताऱ्यांचा (म्हणजे स्वतःभोवती फिरताना दर फेरीला रेडिओ लहरींचा एक ठोका देणाऱ्या ताऱ्यांचा) डेटा आणि जोडीला तानपुरा. कल्पना आवडली. पण डेटाखाली ओंकाराचा जो ट्रॅक अंथरला आहेस, तो आधी काढ. 'सूर्यातून ॐ ऐकू येतो' हा व्हिडिओ आपल्या सगळ्यांच्या फॅमिली ग्रुपवर येऊन गेलाय. सूर्य थरथरतो हे खरं, पण त्याचं एक आंदोलन साधारण पाच मिनिटांचं असतं. ते कानाला ऐकू यायचं तर हजारो पटींनी वेग वाढवावा लागतो, आणि मग त्यातून काय ऐकू येईल हे बरंचसं आपणच ठरवलेलं असतं. ठरव की! फक्त दाराशी साध्या मराठीत लिहून ठेव: ताऱ्यांकडून आल्या त्या मूळ रेडिओ लहरी, आवाज नव्हे, कोणत्या आकड्याला कोणता स्वर दिला, वेग किती बदलला.

पाच तारे एकदम नकोत. बी०३२९+५४ हा एकटा घे. ०.७१४ सेकंदात एक फेरी, म्हणजे मिनिटाला ८४ ठोके. वेगाला हातच लावायला नको. वेला स्पंदक सेकंदाला ११ वेळा फिरतो, त्याची तडतड होते. क्रॅब स्पंदकाचे सेकंदाला ३० ठोके तर एकमेकांत मिसळून घरघर होते. त्यांना शेवटी थोडा वेळ दे, नाहीतर वगळ.

आता तुझ्या आराखड्यात नसलेली गोष्ट. ठोका निघतो तेव्हा सगळ्या रेडिओ वारंवारता बरोबर निघतात, पण वाटेतल्या मोकळ्या इलेक्ट्रॉनांमुळे खालच्या मागे पडतात. याच ताऱ्याचं बघ: ५०० मेगाहर्ट्‌झवर ठोका आला की ३०० वर यायला त्याला पाऊण सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागतो. तोवर वर पुढचा ठोका हजर! वारंवारतेला स्वर दिलास तर प्रत्येक ठोका वरून खाली मींड घेत उतरेल, आणि एक मींड संपायच्या आत दुसरी सुरू. शास्त्रज्ञ हा उशीर गणिताने काढून टाकतात. तू ठेव. तारा आणि आपल्यामधलं सगळं अंतर त्यातच ऐकू येतं.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, नारायणगावजवळ खोडदला जा. तिथे रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशेस आहेत, आणि त्या दिवशी लोकांना आत सोडतात. तिथल्या माणसांना हा उशीर विचार, हौसेने सांगतील.

तानपुऱ्याबद्दल: ॲप नको, लावणारा माणूस आण. नीट जुळला की खर्जाच्या तारेतून गंधार उमटतो, कोणी छेडलेला नसताना. ज्याला तो ऐकू येईल त्याला येईल. निवेदनात त्याकडे बोट दाखवू नकोस. 'ब्रह्मांडाशी एकरूप व्हा' हे वाक्यही खोड. माणूस अंधारात बसून काय अनुभवतो ते त्याचं त्याच्यापाशी.

लोअर परळचा गाळा संध्याकाळी सहानंतर बघून घे. लोकल गेली की जमीन हादरते, आणि तुझा खर्जही त्याच खालच्या आवाजात आहे. भाडं ठरवण्याआधी सबवूफर नेऊन वाजवून बघ. आणि चटयांऐवजी टेकायला काहीतरी ठेव. दिवसभर धक्के खाऊन आलेली मुंबईची माणसं. आडवी झाली की दहा मिनिटांत घोरायला लागतील.

तुझा,
काका