पेनसिल्व्हेनियातली नोकरी आणि नजरेआडचा उपसागर

मृणालिनीताई, सप्रेम नमस्कार.

इचलकरंजीत पंचगंगेच्या प्रदूषणावर ११ वर्षे काम केल्यावर, चेसापीक उपसागरासाठी झटणाऱ्या एका अमेरिकन संस्थेची ‘पेनसिल्व्हेनिया विभागप्रमुख’ या पदाची जाहिरात तुमच्या पाहण्यात आली. अर्ज करावा का, काम नेमके काय असते आणि व्हिसाचे कसे, असे तुम्ही विचारले आहे. अशाच एका संस्थेच्या विभागाचे काम मी पेनसिल्व्हेनियाची राजधानी हॅरिसबर्गमधून ६ वर्षे पाहतो आहे. त्याआधी ५ वर्षे तिथेच ओढ्यांच्या पाण्याचे नमुने तपासत होतो. माझे मत आधीच सांगून टाकतो: यायचे असेल तर जरूर या, पण थेट या खुर्चीवर येऊ नका.

पेनसिल्व्हेनियाला या उपसागराचा फूटभरही किनारा नाही. उपसागर आहे मेरीलँड आणि व्हर्जिनियात. मात्र त्याचे पाणलोट क्षेत्र ६४,००० चौरस मैल, म्हणजे निम्म्या महाराष्ट्राहून थोडे अधिकच, आणि त्यात येणारे जवळपास निम्मे गोडे पाणी एकटी सस्क्वेहॅना नदी आणते, जी आमच्या गावाला लागून वाहते. २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेने उपसागरात वर्षाला १८.५९ कोटी पौंडांपेक्षा जास्त नत्र आणि १.२५ कोटी पौंडांपेक्षा जास्त स्फुरद जाऊ नये अशी मर्यादा घातली आणि त्यासाठीचे उपाय २०२५ पर्यंत पुरे करायचे ठरले. मुदत हुकली, आणि नत्राच्या बाबतीत सर्वांत मोठी थकबाकी आमच्याच राज्याची आहे. ते नत्र बहुतांशी शेतीतून, विशेषतः लँकेस्टर परगण्यातल्या दाटीवाटीच्या गोठ्यांच्या शेणामुतातून येते. ज्याने खर्च करायचा त्याला फायदा दिसत नाही, अशी ही अडचण आहे, आणि विभागप्रमुखाचा बहुतेक दिवस तिच्याशी झगडण्यातच जातो.

पहिल्या वर्षी एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून मी उपसागराचा नकाशा उलगडला होता. त्याने तो शांतपणे पाहिला आणि “माझ्या गायी काही मेरीलँडमध्ये पाणी पीत नाहीत,” एवढेच म्हणून घडी घालून परत दिला. दुसऱ्या खेपेला मी नकाशा नेला नाही, जाळी नेली. त्याच्याच ओढ्यातले दगड त्याच्या मुलांनी उलटले. वरच्या अंगाला, झाडांच्या सावलीत, प्रत्येक दगडाला स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या किड्यांची पिल्ले चिकटलेली होती, आणि गायी जिथे ओढ्यात उतरत तिथल्या दगडांखाली नुसता चिखल होता. काठापासून ३५ फुटांचा झाडोरा आणि कुंपण यांबद्दल तो स्वतःहून बोलला, पण दीड वर्षाने.

तुमच्याकडे हे कसब आहे, हे मला ठाऊक आहे. हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढची कागदपत्रे उभी करणाऱ्याला पुराव्याची शिस्त शिकवावी लागत नाही. पण त्या दीड वर्षाचा पर्याय कोणत्याही बायोडेटात नसतो. त्यातून २०२० मध्ये चेसापीक बे फाउंडेशन ही उपसागरासाठी काम करणारी संस्था आणि शेजारची राज्ये यांनी मिळून केंद्रीय पर्यावरण संस्थेवर दावा लावला, ती पेनसिल्व्हेनियाला जाब का विचारत नाही म्हणून. २०२३ मध्ये तडजोड झाली. दावा दुसऱ्यांचा, तरी गोठ्यागोठ्यांत त्याची उत्तरे मी देत होतो. तिथे जुनी ओळखच कामी आली.

‘विज्ञानाधिष्ठित’ हे विशेषण जाहिरातीत शोभेचे वाटते. प्रत्यक्षात ते फार महागात पडते. विधिमंडळाच्या एका समितीपुढे साक्ष देताना मी ओढ्याच्या काठावर मोजलेला नत्राचा आकडा उपसागरात पोहोचणारा म्हणून सांगितला. वाटेत पुष्कळ नत्र जिरते, त्यामुळे हे दोन आकडे कधीच एक नसतात. चूक माझीच होती. दुसऱ्याच दिवशी विरोधी बाजूच्या एका सहायकाने ती दाखवून दिली आणि मला समितीला लेखी दुरुस्ती पाठवावी लागली. वर्षभर माझ्या प्रत्येक आकड्याला “हा कुठला?” असा प्रश्न आला. तेव्हापासून आमच्या शास्त्रज्ञाच्या सहीशिवाय एकही आकडा बाहेर जात नाही, मग पत्रकार कितीही घाई करो.

विधिमंडळाशी बोलणे हा कामाचा उघड आणि कायदेशीर भाग आहे. लॉबिइस्ट, म्हणजे कायदे-धोरणांसाठी आमदारांकडे पाठपुरावा करणारा, म्हणून राज्याकडे नोंदणी आणि दर तिमाहीला खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. करसवलत मिळालेल्या संस्थेने खर्चावर आधारित मर्यादेचा पर्याय निवडला, तर पहिल्या ५ लाख डॉलरांच्या खर्चाला २० टक्के लॉबिंग चालते, आणि संस्था कितीही मोठी असली तरी वर्षाला १० लाख डॉलरांच्या पुढे जाता येत नाही. उमेदवाराचा प्रचार मात्र पूर्ण वर्ज्य. अर्थसंकल्पाची मुदत ३० जून असल्याने मे-जूनमध्ये घर विसरावे लागते. फळही मिळते: २०२२ मध्ये राज्याने स्वच्छ ओढ्यांसाठी २२ कोटी डॉलरांचा निधी मंजूर केला, त्यातले १५.४ कोटी शेतकऱ्यांना मृद्-जलसंधारणाच्या कामांसाठी. त्यामागे अनेक संस्थांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता.

आता व्हिसा. एच-१बी या कुशल परदेशी कर्मचाऱ्यांच्या कामाच्या व्हिसाचा वार्षिक कोटा ८५,००० असून निवड सोडतीने होते. विद्यापीठे आणि संशोधनसंस्था कोट्याबाहेर असतात. आमच्यासारख्या, धोरणांसाठी पाठपुरावा करणाऱ्या संस्था सहसा नसतात. त्यात सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय आदेशाने देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलरांचे शुल्क लावले. देणग्यांवर चालणारी संस्था एवढे पैसे भरणार नाही, असेच धरून चाला. अमेरिकेतच शिकत असलेल्यांनी विद्यार्थी-व्हिसावरून एच-१बीवर जाण्याला हे शुल्क नाही, असा खुलासा ऑक्टोबरमध्ये झाला. म्हणून इथे पदव्युत्तर पदवी घेणे हाच मला त्यातल्या त्यात शहाणा रस्ता दिसतो, आणि ती विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीत बसणारी हवी: पदवीनंतर कामासाठी १२ महिने सर्वांना मिळतात, पण वरचे २४ त्या यादीतल्यांनाच. पर्यावरण-धोरणाच्या पदव्या कधी बसतात, कधी नाही. प्रवेशापूर्वी विद्यापीठाकडून लेखी विचारून घ्या.

पगाराचा अंदाज हवा असेल तर संस्थेचे ‘फॉर्म ९९०’ हे करविवरण जाहीर असते. त्यात वरच्या अधिकाऱ्यांचे आकडे असतात, विभागप्रमुख त्यांच्या खाली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलाखतीत, संकोच न करता, या पदासाठीचा पैसा किती महिन्यांचा हातात आहे हे विचारा. उत्तर बारा महिन्यांच्या आत असेल, तर पंचगंगेची नोकरी सोडू नका.