विंचेस्टर हाउस खरंच भुतांसाठी बांधलं होतं का?

तुमचा प्रश्न असा, की कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या विंचेस्टर मिस्टरी हाउसमध्ये सांगतात ती गोष्ट खरी आहे का? म्हणजे विंचेस्टर रायफलींनी मेलेल्यांचे आत्मे मागे लागले, म्हणून त्या रायफल कंपनीच्या मालकाच्या विधवेने ३८ वर्षं रात्रंदिवस घर बांधत ठेवलं आणि भुतांना चकवायला छताला टेकणारे जिने, भिंतीबाहेर उघडणारी दारं केली. शिवाय भारतातून आलेल्या आईवडिलांना तिथे न्यावं का, असंही विचारलंय. जरूर न्या. गोष्ट मात्र बरीचशी रचलेली आहे. जरा सविस्तर लिहितो, कारण त्या गोष्टीपायी एका बाईवर शंभर वर्षं अन्याय होतोय असं मला मनापासून वाटतं.

ती विधवा म्हणजे सारा विंचेस्टर, मूळची कनेटिकटमधल्या न्यू हेवनची. १८६२ मध्ये विल्यम विंचेस्टरशी लग्न झालं. १८६६ मध्ये मुलगी झाली, ती दीड महिनाही जगली नाही. पुढे १८८० मध्ये आई गेली, त्याच वर्षाच्या शेवटी सासरे गेले आणि मार्च १८८१ मध्ये क्षयाने नवरा गेला. एका वर्षात इतकी माणसं गेल्यावर कोणीही गाव सोडेल. तिने कॅलिफोर्नियाची कोरडी हवा गाठली, बहिणीही इकडे आल्या आणि १८८६ मध्ये तिने सांता क्लारा खोऱ्यात आठ खोल्यांचं एक शेतघर विकत घेतलं. ती १९२२ मध्ये वारली. म्हणजे सगळी मिळून ३६ वर्षं होतात, ३८ चा हिशोब इथेच जुळत नाही.

बोस्टनमधल्या कुणा माध्यमाने, म्हणजे मेलेल्यांच्या आत्म्यांशी बोलतो म्हणवणाऱ्या माणसाने, तिला ‘पश्चिमेला जा, घर बांधत राहा, थांबलीस तर मरशील’ असं सांगितलं म्हणतात. त्या माध्यमाचं नाव सारा गेल्यानंतर चाळीसेक वर्षांनी भुताखेतांच्या एका पुस्तकात अवतरतं. त्या काळच्या बोस्टनच्या नोंदींत अभ्यासकांना असा माणूस सापडलेला नाही. साराची ना रोजनिशी आहे, ना तिने कुणाला मुलाखत दिली. ती लोकांत मिसळत नसे, पैसा अमाप होता आणि घर वाढत होतं. गावाला बोलायला एवढं पुरेसं होतं.

आता जिने आणि दारं. इथे १८ एप्रिल १९०६ ही तारीख लक्षात ठेवा. त्या पहाटेच्या भूकंपाने सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त केलं, आणि या घराचा सात मजली मनोराही कोसळला. वरचे मजले मोडकळीला आले. साराने ते पुन्हा उभे केले नाहीत. पडझड उतरवून घेतली, पुढचा भाग बंद केला आणि घर तसंच ठेवलं. वरचा मजला काढला की तिथे जाणारा जिना छताला टेकतो. बाहेरची खोली किंवा सज्जा काढला की दार हवेत उघडतं. आपल्याकडे जुन्या वाड्याची एक बाजू पडली की भिंतीत अधांतरी उरलेलं दार आणि कोनाडे दिसतातच, आपण त्याला भुताटकी म्हणत नाही. या घरातली प्रत्येक विचित्र गोष्ट भूकंपाने झाली असं माझं म्हणणं नाही. पण सहलीत ज्यांच्यापाशी लोक सर्वात जास्त फोटो काढतात, त्यांचं मला पटलेलं उत्तर हेच आहे.

याहून मोठा पुरावा त्यानंतरच्या वर्षांत आहे. भूकंपानंतर तिने इथलं मोठं बांधकाम जवळजवळ थांबवलं आणि बराचसा काळ ती अॅथर्टनसारख्या ठिकाणच्या आपल्या इतर घरांत राहिली. बांधकाम थांबलं की आपण मरणार असं मानणारी बाई असं वागेल का? थांबल्यावरही ती १६ वर्षं जगली.

‘रात्रंदिवस’ हेही खरं नाही. तिची काही पत्रं उरली आहेत. १८९८ मध्ये नणंदेला लिहिलेल्या पत्रात ती सांगते, की घरात थोडी भर घातली तर वरचा बोळ एकदम अंधारा झाला, लोकांचे जिन्यावर पाय चुकू लागले, म्हणून पुन्हा मोडतोड करावी लागली. कामगारांना मधूनमधून सुट्टी देऊन तिने काम बंदही ठेवलं होतं. ते पत्र वाचताना मला घर बांधायला काढलेली, नकाशे स्वतःच करणारी आणि चुकल्यावर दुरुस्त करणारी एक हौशी बाई दिसते. तिच्यावर कुणी वास्तुविशारद नव्हता, पैशांची अडचण नव्हती आणि ‘आता पुरे’ म्हणणारंही घरात कुणी नव्हतं. १६० च्या आसपास खोल्या अशा तयार होतात. घरात जागोजागी तेराचा आकडा आहे असंही सांगतात, त्याचंही तेच. इतक्या खोल्यांत जो आकडा शोधाल तो सापडेल.

माझी आई आली होती तेव्हाचं सांगतो. त्या घरात एक ठेंगण्या पायऱ्यांचा जिना आहे. ४४ पायऱ्या, सात वळणं, पायरी जेमतेम दोन इंचांची, आणि एवढं चालून माणूस एकच मजला वर जातो. आमच्या गटातले लोक हसत होते. आईचे गुडघे दुखायचे. तिने कठड्याला हात लावला, चार पायऱ्या चढली आणि म्हणाली, “हिला संधिवात असणार.” तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. साराला खरंच संधिवात होता, उतारवयात तर हातांची बोटंही वाकडी झाली होती.

मग भुतं आली कुठून? प्रामाणिकपणे सांगायचं तर बीज तिच्या हयातीतलंच आहे. १८९५ मध्ये सॅन होजेच्या एका वर्तमानपत्राने छापलं होतं, की घर पूर्ण झालं की आपण मरू असं मालकिणीला वाटतं म्हणे. त्यात बंदुकीने मेलेले आत्मे नव्हते. ती गेल्यावर भूकंपाने खिळखिळं झालेलं ते घर जॉन ब्राउन नावाच्या गृहस्थाने भाड्याने घेतलं. त्याचा मूळ व्यवसाय जत्रेतले पाळणे-झुकगाड्या उभारण्याचा. १९२३ मध्ये घर तिकीट लावून खुलं झालं, १९२४ मध्ये जादूगार हुदिनी येऊन गेला, आणि गावगप्पांचा खेळ झाला. तिकीट लावणाऱ्याला ‘हौशी बाईचं घर’ विकता येत नाही. ‘शापित घर’ विकता येतं.

रायफलीच्या पैशाबद्दल तिला अपराधी वाटत होतं का, हा प्रश्न उरतोच. तिच्या मनातलं कुणी ठामपणे सांगू नये, मीही सांगणार नाही. तिने केलेलं मात्र नोंदलेलं आहे. नवरा क्षयाने गेला होता, म्हणून न्यू हेवनजवळ क्षयरोग्यांच्या रुग्णालयासाठी तिने दहा लाख डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या नावाने दिली. मी केलेल्या फेऱ्यांत या देणगीवर एखादं वाक्य बोललं गेलं, तेही घाईत.

तुम्ही जाल तेव्हा उत्तरेकडच्या काचघरात जरा थांबा, गट पुढे गेला तरी चालेल. तिथल्या फळ्या उचलता येतात, खाली जस्ताचा पत्रा आहे, आणि कुंड्यांचं सांडलेलं पाणी त्यावरून वाहून खालच्या बागेला मिळतं. नोकरांना बोलावायची घंटायंत्रणा, बटणाने पेटणारे गॅसचे दिवे, लिफ्ट हेही नीट बघा. आईचे गुडघे दुखत असतील तर तिकीट काढतानाच तसं सांगा. फेरी तासाभराच्या वर चालते आणि आत बसायला जागा फार कमी आहे. ठेंगणा जिना मात्र त्यांना चढू द्या.