ऑर्किडला फुलांचा दांडा येत नसेल तर

पानं गर्द हिरवी आणि तुकतुकीत आहेत म्हणून खूश होऊ नका. फॅलेनॉप्सिसची (म्हणजे घराघरांत दिसणाऱ्या मॉथ ऑर्किडची) पानं गर्द झाली म्हणजे उजेड कमी पडतोय. रंग जरा पोपटीकडे झुकलेला हवा. उत्तर युरोपसारख्या उत्तरेकडच्या देशांत हिवाळ्यात दिवस जेमतेम 7-8 तासांचा, तेव्हा कुंडी सरळ दक्षिणेच्या खिडकीत ठेवा. आभाळ सतत भरलेलं असेल तर एलईडी दिवा लावून दिवस 12 तासांपर्यंत लांबवा.

खरी गोम मात्र रात्रीच्या गारव्यात आहे. हीटर लावून रात्रंदिवस 25 अंश राखलेत तर झाड नुसती पानं काढत बसेल. हिवाळा लागायच्या सुमारास तीन-चार आठवडे रात्री 15 ते 18 अंश मिळू द्या. पान काचेला टेकलं तर गारठून काळं पडतं, तेवढं सांभाळा. हीटरच्या वरची जागा तर नकोच, कळ्या गळतात.

मग पानाच्या बगलेतून कोंब डोकावेल. टोक गोल, गुळगुळीत असेल तर ते मूळ, बसा वाट बघत! चपटं, हातमोज्याच्या अंगठ्यासारखी खाच असलेलं असेल तर तो दांडा. त्यानंतर कुंडी फिरवू नका, नाहीतर दांडा उजेडाकडे वळत वेडावाकडा वाढतो. खताचा फार विचार नको. पाणी मुळं चंदेरी दिसली की द्या.