वाचकांचे प्रश्न : खोली महाग घेतली की विमा का कापतात?

प्रश्न : आई ७४ वर्षांची. न्हाणीत घसरून पडली, खुब्याचा गोळा बदलावा लागला. विमा ३ लाखांचा, खाजगी इस्पितळाचे बिल २ लाख ६० हजारांचे. तरी कंपनीने १ लाख ६८ हजारच दिले. बिल विम्याच्या आत असताना ९२ हजार कुठे गेले?
– एक वाचक, डिचोली

उत्तर : खोलीत गेले. तुमच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमा रकमेच्या १ टक्का, म्हणजे दिवसाला ३,००० रुपये आहे. आईंना ठेवले ती खोली ६,०००ची. सहा दिवसांच्या ३६ हजारांपैकी १८ हजार मिळाले, हे कुणालाही समजेल. पण भाडे दुप्पट म्हणून सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंगचे १ लाख २० हजारही कंपनीने निम्मे केले. तिथे ६० हजार गेले. हातमोजे, डायपर वगैरेंचे १४ हजार पॉलिसीत बसतच नाहीत. कृत्रिम गोळा, औषधे आणि तपासण्या यांचे ९० हजार मात्र पूर्ण मिळाले, कारण त्यांना आणि आयसीयूच्या भाड्याला ही कपात लावता येत नाही.

आता महत्त्वाचे. खोली कुठलीही घेतली तरी इस्पितळ शस्त्रक्रियेचा दर तोच लावत असेल, तर विमा नियामकाच्या नियमानुसार ही प्रमाणात कपात करताच येत नाही. म्हणून इस्पितळाकडून दरपत्रक आणि ‘खोलीनुसार दर बदलत नाहीत’ असे सही-शिक्क्याचे पत्र मागा. ते जोडून कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे जा. गोव्यासाठी मुंबईचे कार्यालय आहे. फी नाही, वकील लागत नाही, मात्र वर्षाच्या आत जायला हवे. दर खरोखरच खोलीनुसार बदलत असतील, तर ते ६० हजार परत मिळणे कठीण. म्हणून पुढच्या वेळी दाखल करतानाच काउंटरवर विचारा, ‘आमच्या मर्यादेतली खोली कुठली?’ ती रिकामी नसेल तर तसे लिहून घ्या. घाईगर्दीत हे सुचत नाही, तेव्हा पॉलिसीवरचा खोलीभाड्याच्या मर्यादेचा आकडा आजच फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

प्रश्न : बाबा ७२ वर्षांचे. अर्धांगवायूनंतर गोमेकॉतून (गोवा मेडिकल कॉलेजच्या सरकारी इस्पितळातून) घरी आणले, अंथरुणावरच आहेत. ७० वर्षांवरील लोकांच्या आयुष्मान कार्डातून घरच्या शुश्रूषेचा खर्च मिळेल का?
– एक वाचक, वाळपई

उत्तर : नाही. ते कार्ड दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. घरी आल्यावर १५ दिवसांची औषधे आणि तपासण्या तेवढ्या त्यात येतात. तरीही काढाच. आधार पुरते, उत्पन्नाची अट नाही, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरतात. मर्यादा वर्षाला ५ लाख. आईही सत्तरीच्या पुढे असतील तर तीच रक्कम दोघांत.

घरातला खर्च वाढवतात ते पाठीचे व्रण. दर दोन तासांनी कूस बदला. एअर बेड घेतला तरी हे चुकत नाही. माकडहाड आणि टाचा रोज उजेडात पाहा. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल तर व्रण सुरू झाला आहे. तो चोळू नका, त्या बाजूवर झोपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

बाबांचा आरोग्य विमा नसेल, तर त्यांच्या औषधोपचारावर तुम्ही केलेला ५० हजारांपर्यंतचा खर्च प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत तुमच्या करपात्र उत्पन्नातून वजा होतो. फार्मसीचे पैसे रोख दिलेत तर ते धरत नाहीत. यूपीआयने द्या आणि बिल बाबांच्या नावावर घ्या.