आग्या माशीचा मध घ्यावा का? घ्या, पण कसा काढला ते विचारून

तुम्ही विचारलंय की प्रदर्शनात गडचिरोलीचा जंगली मध दिसला, घ्यावासा वाटला, पण बरोबरची मैत्रीण म्हणाली, "माश्यांचं घर मोडून काढलेला आहे, घेतलास तर त्या पापात तूही वाटेकरी." आता घ्यावा की नको?

वनहक्काच्या कामानिमित्त मी गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात बरीच वर्षं फिरलो आहे आणि मध काढताना जवळून पाहिलं आहे. माझं उत्तर आहे, घ्या. पण तुमची मैत्रीण खोटं बोलली नाही. ती ज्या पद्धतीबद्दल बोलली, ती आजही ठिकठिकाणी चालते.

आधी माशी समजून घ्या. पेटीत पाळतात ती सातेरी. आग्या पेटीत राहत नाही. तिचं एकच मोठं पोळं असतं, उघड्यावर, उंच फांदीला, कड्याला किंवा शहरात पाण्याच्या टाकीला लटकलेलं. फुलोरा संपला की थवा निघून जातो आणि पुढच्या हंगामात पुष्कळदा त्याच झाडावर परत येतो. त्यामुळे मोहळाचं झाड कुठलं, हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. (सोसायटीत पोळं दिसलं की लगेच औषध फवारणाऱ्यांनीही हे लक्षात घ्यावं. थोडा धीर धरला तर त्या आपणहून जातात.)

या पोळ्यात मध सगळीकडे नसतो. फांदीलगत वरच्या एका बाजूला जाड, फुगीर भाग असतो, तो मधाचा कांदा. त्याच्या खालच्या भागात अंडी, अळ्या आणि कोष, म्हणजे माश्यांची पुढची पिढी. मध काढणाऱ्याचा हात कुठे थांबतो, यावर सगळं ठरतं.

जुन्या पद्धतीत रात्री वाळक्या पाल्याचा टेंभा पेटवून पोळ्याखाली धरतात. अशा एका झाडाखाली मी सकाळी गेलो होतो. पंख जळालेल्या माश्या पाचोळ्यात सरपटत होत्या, पांढऱ्या अळ्यांना मुंग्या लागल्या होत्या आणि खोड वरपर्यंत काळं झालं होतं. काढणाऱ्याने अख्खं पोळं हाताने पिळलं होतं, त्यामुळे मधात अळ्यांचा रस आणि पराग मिसळलेला. असा मध लवकर आंबतो. व्यापाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो भाव पाडतो. माशी मेली आणि माणसाच्या हातातही काही पडलं नाही.

दुसऱ्या एका गावात नाल्याकाठच्या अर्जुनावर नीट काढलेला मध पाहिला. अंगात जाळीचा पोशाख, कमरेला दोर, हातात सुरी आणि स्टीलचा डबा. धूर होता तो ओल्या पाल्याचा, जाळ नव्हता. धूर लागताच कांद्यावरच्या माश्या खाली सरकल्या आणि मेणाने बंद झालेली घरं उघडी पडली. गड्याने तेवढाच कांदा कापून डब्यात घेतला, डबा दोराने खाली सोडला. खालचं पोळं जसंच्या तसं राहिलं. आम्ही जेवून परत आलो तोवर माश्या कापलेल्या जागेवर बसल्या होत्या. फुलोरा चालू असेल तर त्या तीच जागा पुन्हा भरतात. म्हणजे एकाच हंगामात त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू शकतो.

मग सगळे असंच का करत नाहीत? पोशाख नाही, शिकवलेलं नाही, ही कारणं आहेतच. माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. झाड कुणाचंच नसेल तर आज मी अर्धं पोळं ठेवून आलो, उद्या दुसरा कुणी ते जाळून नेणार. अशा ठिकाणी राखून ठेवणाऱ्याचंच नुकसान होतं.

इथे वनहक्क कायदा कामाला येतो. 2006 च्या या कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंवर, लोकांचा हक्क मानला. त्यात मध आहे, मेण आहे, विडीसाठीचं तेंदूपान आहे, बांबूही आहे. शिकार मात्र त्यात नाही, हे तुमच्या मैत्रिणीला जरूर सांगा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. पुढे 2011 च्या एप्रिलमध्ये बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक पासाचं पुस्तकही ग्रामसभेच्या हातात आलं. पण या गावाची तयारी त्याच्या कितीतरी आधीपासूनची. निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा आणि त्याआधी अभ्यास गटात विषय नीट समजून घ्यायचा, ही तिथली रीत. पोळं न जाळता मध कसा काढायचा, याचाही विचार तिथे असाच झाला. नियम स्वतःचा असेल तर तो मोडणाऱ्याला शेजारीच अडवतो, वनरक्षकाची वाट पाहत नाही.

हक्क मिळाला की लोक जंगल ओरबाडतील, ही भीती मी बैठकांमधून फार ऐकली आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने काय केलं ते पाहा. हक्क मिळाल्यावर त्यांनी तेंदूपान तोडणंच बंद केलं. मे महिन्यात हातात रोख देणारं काम ते. पण त्यासाठी फांद्या छाटाव्या लागतात, जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून ग्रामसभेने ते सोडलं आणि बांबूवर भर दिला. गरीब गावाने रोख पैसा सोडणं ही लहान गोष्ट नाही. त्या निर्णयाबद्दल मला अतिशय आदर आहे.

तर पुन्हा त्या बाटलीकडे. विकणाऱ्याला विचारा, मध कुठल्या गावचा? ग्रामसभेचा की मधल्या कुणाचा? कांदाच कापला की पोळं पिळलं? ज्याने स्वतः काढला असेल तो हाताने दाखवून सांगेल. कांदा कापून घेतलेला मध स्वच्छ असतो, त्यात पांढरे कण किंवा आंबूस वास नसतो. दोन पैसे जास्त पडले तर द्या, ते पैसे पोशाखाला आणि दोराला लागतात. आणि मध पातळ दिसला म्हणून पाणी घातलंय असं समजू नका, आग्याच्या मधात पाण्याचा अंश मुळातच जास्त असतो. झाकण घट्ट लावा, ओला चमचा घालू नका आणि वर्षभर पुरवत बसू नका.